आधी नळी, मग डोळा

"घशात नळी घातली की डोळ्यातला दाब चढतो, हे तू मला शिकवतेस?" अण्णांनी स्ट्रायकर बोटाखालीच धरून ठेवला. "नागपूरकर, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी डोळे तपासतोय."

"जन्मले होते. शाळेत होते," मी म्हणाले. "आणि शिकवत नाही. उद्याच्या मुलीचा दाब नळी घालायच्या आधी मोजा, एवढंच म्हणतेय."

"काय फरक पडणार? दोन-चार अंकांचा. तोही उतरतो."

"उतरतो. पण तुम्ही उतरायच्या आतच मोजता."

अण्णांनी नेम धरला, राणी घेतली, तिच्यामागोमाग पांढरी सोंगटी घेतली आणि मग वर बघून म्हणाले, "हरायला लागलीस की तुला ज्ञान सुचतं."

ते खरं होतं. डोळ्यांच्या सर्जनशी कॅरम खेळणं म्हणजे मुळातच हात दाखवून अवलक्षण. अण्णांचा हात पंचावन्नाव्या वर्षीही असा स्थिर होता की स्ट्रायकर त्यांच्या बोटातून सुटायचा तो सोंगटीला विचारूनच. मी त्यांच्याशी कधी जिंकले नव्हते. पण रोज संध्याकाळी जात होते, कारण त्या गावात मला जायला दुसरं घर नव्हतं.

अण्णा म्हणजे डॉक्टर हेरवाडकर. यंत्रमागांच्या त्या गावातला धर्मादाय डोळ्यांचा दवाखाना त्यांच्यावरच चालायचा. मी तिथे भूल देण्यासाठी आले होते. नागपुरात लग्न झालं होतं, ते टिकलं नाही, आणि जितकं लांब जाता येईल तितकं बरं म्हणून मी नकाशाचं दुसरं टोक पकडलं. माझं आडनाव बोकारे, पण अण्णांना ते कधी आठवल्याचं मला आठवत नाही. त्यांची पत्नी वारलेली, मुलगा धारवाडला. व्हरांड्यात बोर्ड मांडलेला असायचा, शेजारी भडंगाची ताटली, आणि चारही बाजूंनी मागांचा खडखडाट. वीज गेली की तो खडखडाट एकदम थांबायचा आणि आम्हाला एकमेकांचे आवाज उगाचच मोठे वाटायला लागायचे.

भूल देणाऱ्या माणसाची एक गंमत असते. पेशंट सर्जनच्या पाया पडतो, सिस्टरला पेढे देतो, आणि तुमच्याकडे पाहून विचार करतो की या बाई कोण. झोपवलेल्याला झोपवणारा आठवत नाही. बाकी ऑपरेशनांत निदान पेशंटच्या उशाशी बसायला तरी मिळतं. डोळ्यांच्या ऑपरेशनात डोकं सर्जनचं. नळी घालून, चिकटपट्ट्या लावून झाल्या की तुम्ही उठायचं आणि पायांकडे जाऊन बसायचं. मग कापडाखालचा चेहरा तुम्हाला दिसत नाही. हात सापडतो तो धरायचा आणि नाडी मोजत राहायचं.

दवाखान्याचा नियम अण्णांनीच घातला होता: आधी नळी, मग डोळा. त्यामागे कारण होतं. तरुणपणी एका बाळाचा डोळा तपासायला म्हणून मास्क जरा बाजूला केला आणि बाळ निळं पडलं. ते वाचलं, पण अण्णांनी तो धसका घेतला. तेव्हापासून श्वासाची नळी पक्की बसल्याशिवाय ते लहान मुलाच्या चेहऱ्याला हातच लावत नसत. मायेपोटी घातलेला नियम, त्याला नावं कोण ठेवणार?

पण उद्याची मुलगी वेगळी होती. त्रिशला मगदूम, साडेतीन वर्षांची. तिचा उजवा डोळा खोटा होता. ती वर्षाची असताना काचबिंदू म्हणून अण्णांनी त्याचं ऑपरेशन केलं होतं, नंतर जंतू शिरले आणि डोळा गेला. मी तेव्हा इथे नव्हते. आता राहिलेला डावाही मोठा दिसत होता; लहान मुलांत काचबिंदूच्या दाबाने डोळाच मोठा होतो. एवढ्या लहान मुलांचा दाब जागेपणी मोजता येत नाही, त्यांना झोपवावं लागतं. दाब जास्त निघाला तर त्याच भुलीत ऑपरेशन, असं ठरलं होतं. बाकीच्या खुणा काठावरच्या होत्या. निकाल दाबाच्या आकड्यावर लागणार होता, आणि डोळा एकच उरला होता.

"मी मास्क जरा खाली ओढून धरते," मी म्हणाले. "तुम्हाला डोळा मोकळा मिळेल. पोर माझ्या हातात आहे, निळं पडू देणार नाही. तुम्ही मोजा, मग मी नळी घालते."

डाव संपला होता. अण्णा माझ्या उरलेल्या काळ्या सोंगट्या एकेक करून गोळा करत राहिले.

"दोन्ही वेळा मोजतो," शेवटी ते म्हणाले. "नळीच्या आधी आणि नळीच्या नंतर. तुला खोटं पाडायला. आणि हरलीस की आठवडाभर भडंग तू आणायचं."

"कबूल."

सकाळी मी मुलीला घ्यायला बाहेर गेले. तिची आई विमल गिरणीत मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जायची. कामाचा खाडा करून आली होती, केसात अजून सुताचा कापूस होता. तिचे डोळेही मोठे होते, आधी डोळेच दिसावेत असे. सिस्टर एस्तर मला कानात म्हणाली, "आईवर गेलीय बघा पोर."

अण्णा आत जाताना विमल वाकून त्यांच्या पाया पडली. दर वेळी पडायची. माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्येंच्यामुळं येक तरी डोळा ऱ्हायला बगा माज्या पोरीचा. देवमानूस हाय."

अण्णा थांबले नाहीत. त्यांना कुणी तोंडावर चांगलं म्हटलं की ते चालण्याचा वेग वाढवत.

त्रिशला माझ्या कडेवर आली ती बाहुली घेऊनच. मास्कला मी फुलाचा वास म्हणाले, तिने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि गॅसच्या त्या गोडसर वासात ती हळूहळू जड झाली. बाहुली सिस्टरने काढून घेतली. मी मास्क खाली, नाकातोंडावर घट्ट धरला आणि म्हणाले, "अण्णा, घ्या."

दाब मोजून झाला की अण्णा आकडा मोठ्याने सांगायचे, किराणा दुकानात वजन पुकारतात तसा. सिस्टर लिहून घ्यायची. ते वाकले, यंत्र डोळ्यावर अलगद टेकवलं.

"चौदा," ते म्हणाले. आवाजात थोडं आश्चर्य होतं. चौदा म्हणजे उत्तम.

मग मी नळी घातली. ती घालताना स्नायू सैल करायचं औषध द्यावं लागतं, तेही दाब चढवतं. जीभ उचलून घशात पाहावं लागतं, त्यानेही चढतो. शरीर झोपलेलं असलं तरी घशात काहीतरी शिरलं हे त्याला कळतंच. मी चिकटपट्टी लावली, उठले आणि नेहमीप्रमाणे पायांकडे गेले. अण्णा नेहमीप्रमाणे लगेच पुढे झाले.

आकडा आला नाही.

"सर, किती?" सिस्टरने पेन धरून विचारलं.

अण्णा वाकलेलेच होते. त्यांनी यंत्र उचललं, पुसलं, पुन्हा टेकवलं. मी त्रिशलाचा हात धरला होता. नाडी जलद लागत होती, पण ठीक होती.

"सर?"

"थांब जरा, एस्तर."

ते स्टुलावर बसले. सुरी मागितली नाही, दिव्याला हात लावला नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन नुसता बसलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. बाहेर माग चालू होते. आपण बरोबर आहोत हे तिथे पायांशी बसून कळत होतं आणि त्याचा मला जराही आनंद होत नव्हता. बऱ्याच वेळाने ते उठले, तिसऱ्यांदा मोजलं.

"सोळा," ते म्हणाले. "ऑपरेशन नाही. उठवा."

"मधला आकडा काय लिहू?" सिस्टरने विचारलं.

"सत्तावीस."

शुद्धीवर येताना मूल नळीवर खोकलं तर दाब पुन्हा उसळतो, म्हणून ती गाढ झोपेत असतानाच मी नळी काढली. काम मन लावून केलं, कारण तेवढा वेळ अण्णांकडे बघावं लागणार नव्हतं. सिस्टर मुलीला कुशीवर वळवत होती तेव्हा ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. हातमोजे काढलेले, ते हातात तसेच.

"उजव्या डोळ्याच्या वेळी अठ्ठावीस होता," ते हळू आवाजात म्हणाले. "नळीनंतर. लगेच. मी त्या आकड्यावर डोळा उघडला."

मी काढलेली नळी ताटलीत ठेवली.

"नागपूरकर, तुला काय वाटतं? तो डोळा चांगला होता का?"

मला त्यांचा चेहरा दिसत होता. ज्या घरात मी रोज संध्याकाळी जात होते, त्या घराचा तो चेहरा होता. मी म्हणाले, "सांगता येणार नाही, अण्णा. खरोखरही जास्त असेल. एका डोळ्यात असतो, दुसऱ्यात नसतो, असंही होतं."

"तुला सांगता येतं. तू सांगत नाहीस."

"खरंच नाही सांगता येत."

त्यांनी मान हलवली आणि हातमोजे बादलीत टाकले.

त्रिशलाला कडेवर घेऊन मी बाहेर आले. ती रडत होती, बाहुली मागत होती. पट्टी नव्हती हे विमलने आधी पाहिलं.

"झालं न्हाई आपरेशन?"

"गरज नाही पडली. दाब चांगला आहे. डोळा चांगला आहे तिचा."

विमल आधी हसली, मग तिला रडू आलं, मग दोन्ही एकदम. तिने मुलीला छातीशी घट्ट धरलं. मी वळणार इतक्यात तिने विचारलं, "मंग आता कसं कळलं, की दाब न्हाई?"

"आम्ही नळी घालायच्या आधी मोजला. नळीने दाब वाढतो थोडा वेळ."

तिने मुलीच्या पाठीवरून फिरणारा हात थांबवला. कांड्या भरणाऱ्या बाईला धागा कुठे तुटला ते बघायची सवय असते.

"आनि पयल्या डोळ्याला? तवा आदी मोजलं हुतं का मागनं?"

"तेव्हा मी इथे नव्हते," मी म्हणाले. शब्दाला शब्द खरं होतं.

"मागनं," पाठीमागून अण्णा म्हणाले.

ते दारात उभे होते. टोपी काढलेली, केस विस्कटलेले. ते पुढे आले आणि विमलसमोर उभे राहिले. बाकावर बसलेले बाकीचे लोकही बघायला लागले, पण त्यांनी आवाज कमी केला नाही.

"विमलबाई, तेव्हा मी नळीनंतर मोजला. तो दाब डोळ्याचा होता की नळीचा, मला ठाऊक नाही. थोडं थांबून पुन्हा बघायला हवं होतं. बघितलं नाही. आजार होता म्हणून डोळा गेला, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तो होता की नाही, हे मला आज सांगता येत नाही."

विमल त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे ते मोठे डोळे पापणी न हलवता त्यांच्यावर होते. अण्णांनी खाली पाहिलं नाही.

"म्या पाया पडत आले तुमच्या," ती म्हणाली. "दर येळी."

"हो."

तिने पदर मुलीच्या डोक्यावर ओढला आणि निघाली. फाटकाशी थांबली, मागे न बघता विचारलं, "पुन्ना कवा आनायची?"

"सहा महिन्यांनी," अण्णा म्हणाले.

ती येत राहिली, दर सहा महिन्यांनी, पोर मोठी होऊन जागेपणी दाब मोजून देईपर्यंत. वाकली मात्र पुन्हा कधी नाही.

त्या संध्याकाळी मी भडंगाची पुडी घेऊन अण्णांकडे गेले. पैज मी जिंकले होते, तरी घेऊन गेले. बोर्ड भिंतीला उभा टेकवलेला होता. अण्णा आरामखुर्चीत बसले होते, दिवा न लावता.

"आज नको, डॉक्टर," ते म्हणाले.

मी समजले, एक दिवसाचं आहे. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. बोर्ड भिंतीलाच होता. मग जाणं थांबवलं. कामात काही उणं नव्हतं. नियम त्यांनी दुसऱ्याच दिवशी बदलला, लहान मुलांचा दाब नळीआधी मोजू लागले, आणि "घ्या डॉक्टर", "द्या डॉक्टर", "थँक्यू डॉक्टर" असे आमचे दिवस जाऊ लागले. मी त्यांची 'नागपूरकर' राहिले नव्हते, त्यांनी मला अहो-जाहोच्या पाटावर नेऊन बसवलं होतं. मी मनाशी धरलं, की माझं म्हणणं खरं निघाल्याचा त्यांना राग आला आहे. मोठ्या माणसाला चूक दाखवली की असंच होतं, असं मला वाटलं, आणि मीही मानी बाई, विचारायला गेले नाही. संध्याकाळी खोलीत बसून मी पुस्तकं वाचायची. वीज गेली की माग थांबायचे आणि मग तर अगदी असह्य व्हायचं. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन मुलाकडे धारवाडला गेले. निरोप समारंभात त्यांनी माझे आभार मानले, चांगल्या शब्दांत, यादीत सातव्या क्रमांकावर.

मी तिथेच राहिले. जायला दुसरी जागा नव्हती आणि आता हवीशीही वाटत नव्हती.

मग अलीकडची गोष्ट, मधे वीसेक वर्षं गेलेली. नवीन सर्जनने भूल देऊन तपासायच्या यादीत एक बाळ लावलं होतं, दहा महिन्यांचं, डोळे मोठे म्हणून. कुणीतरी काचबिंदूची शंका काढलेली. आई तरुण, तिचा एक डोळा खोटा. तिने मला ओळखलं नाही, का ओळखावं? पण तिच्याबरोबरची म्हातारी माझ्याकडे बघत राहिली.

"तुमी त्या भुलीच्या बाई न्हवं?"

इतक्या वर्षांत मला ओळखणारी ती पहिलीच. विमल. केस पांढरे, डोळे तेवढेच मोठे. कडेवरच्या बाळाचेही तसेच, तिन्ही पिढ्यांचे एकाच साच्यातले.

बाळाला झोपवलं. नळीच्या आधी दाब मोजला: उत्तम. बाकीचं सगळं नीट तपासलं: उत्तम. मग सर्जनने त्रिशलाचे आणि विमलचे डोळेही मोजले. काळ्या बुबुळावरची काच तिघांचीही नेहमीपेक्षा मोठी, स्वच्छ, निरोगी. आजार नव्हताच. घराण्याची ठेवण होती.

मी बाहेर येऊन दोघींना सांगितलं. त्रिशला बाळाकडे धावली. विमल तिथेच बसून राहिली.

"म्हंजे आमच्यातच हाईत मोटे डोळे," ती म्हणाली. "मंग तिचा त्यो..." आणि पुढे बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "अण्णा हाईत का?"

"धारवाडला असतात."

"त्यास्नी कळवा."

"रागाने सांगताय?"

"राग हुता. लई वरसं हुता. आता कुनाच्या काय उपेगाचा?" तिने पदराने तोंड पुसलं. "तवा म्हनले हुते, मला ठावं न्हाई. समद्या लोकांसमोर म्हनले. आता ठावं झालंय तर त्यास्नी नको का कळाय?"

मी फोन हातात घेऊन बराच वेळ बसले. मग लावला.

"अण्णा, मी बोकारे."

"बोला डॉक्टर." आवाज म्हातारा झाला होता, पण कोरडा तसाच.

मी सगळं सांगितलं. ते मध्ये एकच बोलले: "नळीच्या आधी मोजलात?"

"आधी."

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं.

"म्हणजे उजवा डोळा चांगला होता," शेवटी ते म्हणाले.

या वेळी त्यांचा चेहरा माझ्यासमोर नव्हता. "हो अण्णा," मी म्हणाले. "माझ्या मते चांगला होता."

मला वाटलं, फोन ठेवतील.

"त्या दिवशी हेच विचारलं होतं तुला," ते म्हणाले.

"तेव्हा खरंच सांगता येत नव्हतं."

"पक्कं सांगता येत नव्हतं. पण तुला काय वाटतं, ते विचारलं होतं मी. तुला वाटत होतं तेच मला वाटत होतं. तू म्हणाली असतीस, तर आपण दोघं त्याच्याजवळ बसलो असतो. तू मला सांभाळून घेतलंस." ते थांबले. "सांभाळून घेणाऱ्या माणसाशी कॅरम कसा खेळायचा, नागपूरकर?"

इतकी वर्षं मी त्यांना रागावलेले समजत होते. ते तिकडे एकटे होते आणि मी इकडे, मधे दवाखान्याचं आवार आणि एक भिंतीला टेकवलेला बोर्ड.

"बोर्ड आहे का अजून?" मी विचारलं.

"आहे. हात तेवढा राहिला नाही."

पुढच्या रविवारी मी भडंग घेऊन धारवाडला गेले. त्यांच्या सुनेने बोर्ड पुसून ठेवला होता. अण्णांनी राणी मध्ये ठेवली, तीही दोनदा सरकली. बोटं थरथरत होती; स्ट्रायकर सुटायचा तो भलतीकडेच. ते माझ्याकडे बघत होते, मी काय करते ते.

मी नेम धरला. तीनही डाव मीच जिंकले.